न केलेल्या कर्माची शोकात्मिका

शोकात्मिका ही कृतीची अनुकृती होय, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. तेव्हापासून पाश्चात्त्य समीक्षा, आणि तिच्या मागोमाग आपली मराठी समीक्षाही, शोकात्म अनुभवाचे मूळ कोणाच्या तरी करण्यात शोधीत आली आहे. ईडिपस आपल्या बापाला ओळखत नाही, पण त्याला ठार करतो; मॅकबेथ खंजीर उचलतो; युधिष्ठिर द्यूताला बसतो. त्यामागे प्रमाद असो, पाप असो वा निव्वळ अज्ञान असो, कोणाचा तरी हात हलतो आणि त्या हालचालीतून अनर्थाची साखळी उलगडत जाते. ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ज्या अनर्थात कोणाचाच हात हललेला नसतो, किंबहुना हात न हलल्यामुळेच जो ओढवतो, त्याचे वाङ्मयाने काय करावे हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कोळशाच्या खाणीतील वायुस्फोट हा या जातीचा अनर्थ आहे. खाणीतल्या मृत्यूभोवती युरोपात आणि आपल्याकडेही कादंबरी, नाटक, चित्रपट आणि कविता यांचा एक लहानसा संसार उभा राहिला आहे. त्यातील काही कृतींकडे या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष घटना समोर ठेवतो. साउथ वेल्समध्ये केअरफिलीजवळच्या एका अरुंद खोऱ्यात सेंगहेनिद नावाचे गाव आहे. तेथील युनिव्हर्सल खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास स्फोट झाला. त्या वेळी जमिनीखाली सुमारे दोन हजार फुटांवर साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. त्यांपैकी ४३९ मेली. बचावासाठी उतरलेला एक माणूसही मेला. मृतांत साठजण विशीच्या आतले होते आणि त्यांपैकी आठ मुलगे अवघ्या चौदा वर्षांचे होते. २०५ स्त्रिया विधवा झाल्या. ब्रिटनच्या इतिहासात खाणीच्या एका अपघातात याहून अधिक माणसे कधी मेली नाहीत.

हे घडले कसे? दगडी कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपत असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. परंतु केवळ वायूचा भडका बहुधा जागच्या जागी संपतो. त्याच्या धक्क्याने बोगद्यांच्या भिंतींवर, छतावर आणि आधाराच्या लाकडांवर साचलेली कोळशाची भुकटी उधळते, ती पेट घेते, आणि पेटलेली भुकटी पुढची भुकटी उधळीत मैलोगणती धावत जाते. मागे उरतो तो कार्बन मोनॉक्साइड. खाणीच्या स्फोटात बहुसंख्य माणसे ज्वाळेने नव्हे तर या वायूने मरतात, हे जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच दाखवून दिले होते. भुकटीचा धोका तर त्याहूनही आधी ज्ञात होता. विल्यम गॅलोवे १८७६ पासून त्यावर शोधनिबंध लिहीत होते. आणि हेच गॅलोवे याच युनिव्हर्सल खाणीत पूर्वी आले होते. कारण २४ मे १९०१ रोजी तेथे एक स्फोट होऊन ८१ माणसे मेली होती. त्यांनी आपल्या अहवालात खाण उष्ण असल्याचे आणि हवेत भुकटी अतोनात असल्याचे नमूद केले होते. भुकटी दबावी म्हणून पाणी मारणे हा उपाय होता. ते पुरेसे मारले गेले नव्हते.

बारा वर्षांनंतरच्या चौकशीत काय निघाले? भिंती आणि छत यांवरील भुकटी काढलेली नव्हती. १९११ च्या कोळसा खाण कायद्यान्वये हवा खेळविणारा पंखा गरज पडल्यास उलट दिशेने चालविता यावा, अशी सोय करणे बंधनकारक होते. तिला मुदतवाढही मिळाली होती आणि ती मुदत सप्टेंबरात संपली होती. सोय झालेली नव्हती. पहिली ठिणगी कोठे पडली हे निश्चित ठरले नाही. इशाऱ्याच्या विजेच्या घंटांच्या उघड्या तारांतून ती उडाली असावी, ही एक शक्यता मानली गेली. खटल्यात खाणीच्या व्यवस्थापकाला एकूण २४ पौंड दंड झाला. कंपनीला अपिलानंतर दहा पौंड. एका स्थानिक वृत्तपत्राने भागाकार करून माणसाच्या जिवाचा दर एक शिलिंग सव्वा पेनी असा काढला. आणि ज्याला दंड झाला तो व्यवस्थापकच स्फोटानंतर सर्वांत आधी जीव धोक्यात घालून खाली उतरला होता, हेही नोंदविले पाहिजे. खलनायक शोधणाऱ्या कादंबरीकाराची येथेच पंचाईत होते.

या साऱ्या कहाणीतील क्रियापदे वाचकांनी पाहावीत. काढली नव्हती, मारले नव्हते, झाली नव्हती. नकारांचीच ही मालिका आहे. मराठीत आपण ‘अपघात’ म्हणतो, हिंदीत ‘दुर्घटना’ म्हणतात. दोन्ही शब्द एका क्षणी काहीतरी घडल्याचे सुचवितात. सेंगहेनिदला जे घडले ते त्या क्षणाआधीच्या बारा वर्षांत न घडलेल्या गोष्टींचे घडणे होते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची चर्चा अपरिचित नाही. फक्त ती काव्यशास्त्रात न होता मीमांसेत झाली. विहित कर्म न करण्याने प्रत्यवाय लागतो, म्हणजे केवळ न करण्यातूनही दोष उत्पन्न होतो, असा एक पक्ष आहे. आचार्य शंकरांनी त्यावर आक्षेप घेतला: न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून भावरूप अनिष्ट कसे निर्माण होईल? तैत्तिरीयावरील भाष्यात ते असे सुचवितात की, विहित कर्म न करणे हे अनिष्टाचे कारण नसून लक्षण आहे. आधीच साचलेल्या दुरिताची ती खूण आहे. हा वाद मोक्षविचारातील आहे आणि तो खाणीत उतरविणे शास्त्रीपंडितांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु सेंगहेनिदच्या खटल्यातील बचावाचा तर्क आणि आचार्यांचा आक्षेप यांची जात एकच आहे. न बसविलेल्या यंत्रणेने कोणाला मारले असे सिद्ध कसे करणार? पंखा उलटा फिरला असता तर किती जीव वाचले असते, हे कोणीही सांगू शकत नाही. कायद्याचे पाऊल या ठिकाणी अडखळते आणि चोवीस पौंडांवर थांबते. वाङ्मयाला मात्र कारण सिद्ध करावयाचे नसते. त्याला खूण ओळखता आली तरी पुरे. खाणीच्या स्फोटावरील ललितकृतीची परीक्षा मला तरी या जागी करावीशी वाटते: न केलेल्या गोष्टीची खूण तिला दाखविता येते काय?

झोलाच्या ‘जर्मिनाल’पासून प्रारंभ करणे अपरिहार्य आहे, जरी ती कादंबरी १८८५ ची, म्हणजे आपल्या विषयाच्या आधीची असली तरी. १८८४ मध्ये झोला आंझँच्या खाणींत जाऊन आला होता, स्वतः खाली उतरला होता. खाणकामगारांचे जिणे त्याने इतक्या तपशिलाने उभे केले की, १९०२ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार कादंबरीच्या नावाचाच घोष करीत चालले. पण त्या कादंबरीतला अंतिम उत्पात कसा होतो? सुवारीन नावाचा अराज्यवादी रात्री खाणीच्या विहिरीत उतरतो, पाणी अडवून धरणारे अस्तर हत्यारांनी खिळखिळे करतो, आणि खाण बुडते. पानोपानी दारिद्र्य, निष्काळजीपणा आणि कंपनीची कंजुषी यांचे ढीग रचल्यानंतरही झोलाला शेवटी एक हलणारा हात लागतोच. निसर्गवादाचा हा महान पुरस्कर्ता ऐन वेळी नाट्याच्या जुन्या नियमाला शरण जातो.

झोलाच्या मृत्यूनंतर सुमारे साडेतीन वर्षांनी, १० मार्च १९०६ रोजी, उत्तर फ्रान्सच्या त्याच कोळसापट्ट्यात कूरिएरच्या खाणींत स्फोट झाला. १,०९९ माणसे मेली. युरोपातील खाणींच्या इतिहासात एवढा मोठा संहार दुसरा नाही. आदल्या काही दिवसांपासून आत एका जागी आग धुमसत होती आणि ती भिंत बांधून कोंडण्याचा प्रयत्न चालला होता. आग विझेपर्यंत माणसे उतरवू नका, असे कामगारांच्या प्रतिनिधीने सांगितले होते. माणसे उतरली. येथे कोणी सुवारीन नव्हता. वीस दिवसांनी, ३० मार्चला, तेराजण अंधारातून चालत जिवंत बाहेर आले. ४ एप्रिलला आणखी एक. ‘जर्मिनाल’चा नायक एत्येन अनेक दिवसांनी बुडालेल्या खाणीतून वाचतो, हे अतिरंजित वाटणाऱ्या टीकाकारांना वास्तवाने परस्पर उत्तर दिले. परंतु उत्पाताच्या कारणाबाबत वास्तवाने झोलाला साथ दिली नाही.

झोलाची ही अडचण एकट्या युरोपची नव्हे, हे आपल्याकडील एका श्रेष्ठ नाट्यप्रयोगावरून दिसते. उत्पल दत्त यांचे ‘अंगार’ हे बंगाली नाटक १९५९ च्या अखेरीस कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगमंदिरात लिटल थिएटर ग्रुपने सादर केले. रविशंकरांचे संगीत होते आणि तापस सेन यांची प्रकाशयोजना. रंगमंचावर पाणी चढत जाते आणि अडकलेली माणसे त्यात बुडत जातात, असा आभास केवळ प्रकाशाने निर्माण करणारा तो अखेरचा प्रवेश बंगाली रंगभूमीच्या आठवणीत कायमचा राहिला. चिनाकुरीच्या खाणीतील १९५८ च्या स्फोटाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दत्तांच्या नाटकात आग लागल्यावर कोळसा वाचावा म्हणून आत माणसे असतानाच खाणीत पाणी सोडले जाते. हा निर्णय आहे, ही कृती आहे. आणि म्हणून ते समर्थ नाटक आहे. प्रेक्षकाचा संताप कोठे वळवावयाचा हे तेथे निश्चित होते. मात्र त्या तीव्र प्रकाशात दुसरी एक गोष्ट अंधारात जाते. ज्या खाणीत कोणीच काही निर्णय घेतला नाही, तेथल्या मृतांसाठी त्या नाटकात जागा उरत नाही. मालक क्रूर होता असे दाखविणे नाटककाराला सोपे असते. तो केवळ दिरंगाई करीत होता, हे दाखविणे फार कठीण.

झरियाच्या भूगर्भात १९१६ पासून आगी जळत आहेत. इलियास अहमद गद्दी यांनी आपल्या उर्दू कादंबरीला ‘फायर एरिया’ हे नाव दिले; ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९६ मध्ये तिला साहित्य अकादेमीचे पारितोषिक लाभले. कादंबरीचे पूर्ण मूल्यमापन येथे शक्य नाही. परंतु एखाद्या एका स्फोटाचे नव्हे, तर दशकानुदशके न विझविलेल्या आगीचे नाव तिने मस्तकी धारण केले आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक आहे. ज्या अनर्थाला तारीखच नाही त्याला शीर्षकात तरी जागा मिळाली.

वेल्समध्ये लुइस जोन्स यांनी निराळी वाट धरली. ते स्वतः खाणकामगार आणि साम्यवादी कार्यकर्ते होते. त्यांची ‘कुमार्डी’ ही कादंबरी १९३७ ची. तिच्यात स्फोटाला स्थान आहे, पण स्फोटाने प्रकरण मिटत नाही. पुढे चौकशी येते आणि दोष कोणाच्या माथी मारावयाचा याची झुंज सुरू होते. मृत मनुष्य साक्ष देऊ शकत नाही, म्हणून दोषाचा ओघ नेहमी त्याच्याच दिशेने वाहू पाहतो, ही जाणीव खाणीत आयुष्य गेलेल्या माणसालाच अशी सहज असणार. जोन्स यांचे गद्य ओबडधोबड आहे, पात्रे अनेकदा घोषणा बोलतात. कलादृष्ट्या तिला झोलाच्या शेजारी बसविता येणार नाही. पण चौकशीचा कक्ष हीच या शोकात्मिकेची खरी रंगभूमी आहे, हे त्यांनी ओळखले. न केलेली गोष्ट दृश्य होते ती तेथेच: कोणीतरी विचारतो, तुम्ही हे केले होते काय? आणि क्षणभर उत्तर येत नाही.

चित्रपटाला हे अधिक सुलभ असावे. पाब्स्ट या दिग्दर्शकाने १९३१ मध्ये ‘कामेराडशाफ्ट’ हा चित्रपट काढला. कूरिएरला वेस्टफालियातून जर्मन बचावपथक गेले होते, त्या प्रसंगातून त्याची प्रेरणा आली. काळ मात्र पहिल्या महायुद्धानंतरचा आणि स्थळ दोन राष्ट्रांच्या सीमेवरचे. त्यात आगीपुढे बांधलेली विटांची भिंत आहे. स्फोटापूर्वी आपण ती भिंत पाहतो. ती काही करीत नाही. ती फक्त उभी असते, आणि तिच्या उभे राहण्यावर सर्वांनी विसंबून राहावे असे ठरलेले असते. शब्दांनी जे चार पाने खर्चून सांगावे लागले असते ते ही मुकी भिंत सांगते. खूण म्हणतात ती हीच. शेवटी सीमेवरचे लोखंडी गज भूमिगत बोगद्यात पुन्हा बसविले जातात. बंधुत्वाच्या भाषणांनंतरचा तो थंडपणा पाब्स्टच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे.

आता ज्या कृतीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. फिलिप लार्किन या इंग्रज कवीची स्फोटावरील कविता १९७० मध्ये लिहून पुरी झाली आणि १९७४ च्या ‘हाय विंडोज’ या संग्रहात त्याने ती अगदी शेवटी ठेवली. ती कोणत्याही एका नोंदलेल्या स्फोटाची कविता नाही. सकाळी माणसे बूट वाजवीत, खोकत, थट्टा करीत खाणीकडे जातात. एकजण सशांमागे धावतो. ससे सापडत नाहीत, पण चंडोलाचे घरटे सापडते. तो अंडी सोबत्यांना दाखवितो आणि परत गवतात ठेवून देतो. दुपारी जमीन किंचित हादरते; गाई क्षणभर रवंथ थांबवितात; सूर्य अंधुक होतो. स्फोट एवढाच. नंतर, प्रार्थनेच्या शब्दांनंतर, बायकांना क्षणभर आपली माणसे दिसतात, आयुष्यात होती त्याहून मोठी, सोन्यासारखी, सूर्याकडून त्यांच्याकडे चालत येणारी. त्यांतल्या एकाच्या हातात ती अंडी असतात, न फुटलेली.

या कवितेविषयी माझे मत दीर्घकाळ प्रतिकूल होते. ती सुंदर आहे हे कोण नाकारील? पण मला तिचे सौंदर्यच संशयास्पद वाटे. भुकटीविषयी तिच्यात शब्द नाही, पंख्याविषयी नाही, मालकाविषयी नाही. चारशे माणसांचा मृत्यू गाईच्या रवंथातील खंडाएवढा होतो आणि मग त्यावर सोनेरी प्रकाश पडतो. ज्यांच्या कर्तव्यच्युतीमुळे माणसे मरतात त्यांना याहून सोयीस्कर कविता कोणती मिळणार? दैवाधीन म्हणून सोडून देण्याची आपल्याकडील सवय मला तिच्यात परक्या वेशात दिसे. विद्यार्थ्यांपुढे मी हे अनेकदा मोठ्या आवेशाने मांडले आहे.

त्या मताला तडा गेला तो सेंगहेनिदच्या चौकशीची हकिगत वाचल्यानंतर. ते नकार एकापुढे एक वाचून झाल्यावर कविता पुन्हा हाती घेतली तेव्हा नजर अंड्यांवर अडली; विशेषतः त्या अंतिम चित्रातील अंड्यांवर नव्हे, तर सकाळच्या. तो माणूस अंडी खिशात घालीत नाही, फेकीत नाही, विसरून जात नाही. तो ती जपून गवतात ठेवतो. सबंध कवितेत एवढीच एक कृती अशी आहे की जी कोणी काळजीपूर्वक करतो. पाळीला जायचे आहे, उशीर झाला आहे, कोणी पाहणार नाही, ठेवली नाहीत तर कोणी विचारणार नाही. तरीही तो ती नीट ठेवतो. नाजूक वस्तू आपल्या ताब्यात असता माणसाने काय करावयाचे असते, हे कवितेने दाखविले आहे. त्यानंतर तीच माणसे उघड्या उंच फाटकांतून दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात जातात. फाटकापलीकडे काय केले गेले नाही, ते कविता सांगत नाही. तिने केलेल्या गोष्टीची आकृती रेखाटली आणि न केलेल्या गोष्टीची जागा रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेला मी पूर्वी मौन समजत होतो. आता ती खूण आहे असे म्हणण्याकडे माझा कल आहे.

कल आहे, एवढेच म्हणतो. कारण आक्षेप पूर्णपणे मिटला आहे असे मला वाटत नाही. रिकामी जागा ओळखण्यासाठी मला आधी अहवालाकडे जावे लागले. ज्याने तो वाचला नाही त्याला कवितेत केवळ सोनेरी प्रकाशच दिसेल, आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. शिवाय कवितेतील दर्शन हे एकदाच घडणारे आहे. ते क्षणभर टिकते आणि त्या क्षणाच्या बळावर विधवांनी पुढचे आयुष्य काढावे असा तिचा भाव आहे. सेंगहेनिदच्या नोंदींत एका स्त्रीचा उल्लेख आहे. १९०१ च्या स्फोटात तिचा नवरा मेला. भुकटीला पाणी पुरेसे मारले गेले नव्हते, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले होते. १९१३ मध्ये त्याच खाणीत तिचे दोन मुलगे, भाऊ आणि घरात राहणारा भाडेकरू मेले.